नारळ आधी फुटतो, आवाज मागून येतो

आमच्या नाट्यसंस्थेची मालमत्ता सांगायची तर दोन डिमर, आठ पार कॅन (रंगमंचावरचे दिवे), मधोमध रफू केलेला एक काळा पडदा आणि एक हार्डडिस्क. पहिल्या तीन गोष्टी ज्याच्या घरी जागा असेल त्याच्याकडे फिरत असतात. हार्डडिस्क मात्र आमच्या संस्थेतल्या बुजुर्ग अण्णांच्या घरी, वरच्या मजल्यावर, देवघराखालच्या कप्प्यात वातींच्या डब्याशेजारी असते. त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमच्या नाटकांचं शूटिंग करणाऱ्या दादांच्या स्टुडिओत तळमजल्यावर होतं नव्हतं ते सगळं गेलं. २००५ च्या स्पर्धेतल्या आमच्या नाटकाच्या मिनी डीव्ही टेपही गेल्या. नशीब एवढंच, की दादांनी २०१२ मध्ये त्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून आम्हाला दिल्या होत्या. ती एकच प्रत, त्या एकाच डिस्कवर. (दुसरी प्रत इतकी वर्षं का काढली नाही ते विचारू नका. आता तीन काढल्यात.)

यंदा ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनालाच, अण्णांची पंचाहत्तरी करायची असं ठरलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्यामुळे सांगलीत या दिवशी घरी बसायचं नसतंच. भाषणं कमी आणि २००५ चं नाटक पडद्यावर पूर्ण दाखवायचं, असा बेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांचा फोन आला.

“फाईल गेली गं.”

“गेली म्हणजे?”

“लागतच नाही. खराब झालीय म्हणतोय.”

“कोण म्हणतोय?”

“तो शंकू.”

शंकू म्हणजे व्हीएलसी, व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या कॉलेजातल्या मुलांनी सुरू केलेला प्रकल्प, आणि त्याच पोरांनी रस्त्यावरून गोळा केलेल्या शंकूंवरून आलेलं ते नारिंगी-पांढरं चिन्ह. दर डिसेंबरात, नाताळ जवळ आला की त्या शंकूवर लाल टोपी चढते आणि दर डिसेंबरात अण्णा मला फोन करून व्हायरस आल्याचं सांगतात. त्यामुळे शंकू काय म्हणतोय हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही.

मी दिवसा एका पतसंस्थेत लेजर जुळवते आणि संध्याकाळी दिवे बघते. २००५ चं ते नाटक म्हणजे मी प्रकाशयोजनेला एकटी बसलेलं पहिलं. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण काही नाही. पण लेजर जुळत नसेल तर कुठल्या पानावर चूक असणार हे शोधायची सवय आहे. ती इथेही चालते. “व्हिडिओ लागत नाही” हे “नाटक पडलं” म्हणण्यासारखं आहे. संहिता पडली, नट पडला, माईक पडला की ऐन वेळी लाइट गेली? आधी ते सांगा.

अण्णांकडे गेले. फाईलवर डबल क्लिक केलं तर इंग्रजीत एक चौकट आली. फाईलची अनुक्रमणिका मोडली आहे किंवा नाहीच, त्यामुळे व्हिडिओ पुढे-मागे करता येणार नाही, काय करू? अनुक्रमणिका बनवून लावू, आहे तसं लावू, की लावूच नको? अण्णा चार दिवस तिसरं बटण दाबत होते. “त्यात धोका कमी वाटला,” म्हणाले.

फाईल खराब नव्हती. काय झालं होतं ते मला नंतर उमगलं, आणि ते कळल्यावर दादांची दयाच आली. डीव्ही टेप कॉम्प्युटरवर उतरवली की तासाला सुमारे १३ जीबी जागा खाते. दादांनी नवीकोरी डिस्क आणली होती आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, डिस्क कितीही मोठी असो. म्हणजे एकोणीस-वीस मिनिटं झाली की भिंत. भिंतीला धडकून कॅप्चर बंद पडायचं, दादा टेप थोडी मागे घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. असे सव्वादोन तासांच्या नाटकाचे सात तुकडे. आता हे तुकडे एव्हीआय या प्रकारच्या फाईलचे, आणि एव्हीआयची गंमत अशी, की कुठलं चित्र फाईलमध्ये कुठे आहे याची यादी अगदी शेवटी लिहिली जाते, रेकॉर्डिंग नीट थांबवलं तरच. धडकून थांबलेल्या सहा तुकड्यांना ती यादीच नव्हती. सातव्याला होती, कारण तिथे नाटकच संपलं. प्रॉम्प्टरच्या हातात संहिता पूर्ण आहे, फक्त पानांवर नंबर नाहीत, असं समजा. पहिल्यापासून वाचत गेलात तर अडचण नाही. “दुसरा अंक काढ” म्हटलं की पंचाईत.

पहिलं बटण दाबलं. चार जीबी सगळी वाचायची असल्याने दोन-अडीच मिनिटं हिरवी पट्टी सरकत राहिली. अण्णा तोवर हात जोडून बसले होते, गंमत नाही करत. मग एकदम प्रेक्षागृहाची कुजबुज ऐकू आली, आणि स्क्रीनवर तीस वर्षं जुना वाटणारा आमचा पडदा.

ही यादी व्हीएलसी तेवढ्यापुरती डोक्यात बनवतो, फाईलमध्ये लिहीत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. कायमचा इलाज म्हणजे एफएफएमपेगसारख्या साधनाने फाईल नव्याने बांधून घ्यायची, ‘कॉपी’ असं सांगून. म्हणजे आतलं चित्र-आवाज जसंच्या तसं उचलून नव्या डब्यात भरलं जातं, दर्जा रतीभर कमी होत नाही. हा फरक लोकांना समजावताना मला कपडेपटाची ट्रंक आठवते. एव्हीआय, एमपीफोर, एमकेव्ही या सगळ्या ट्रंका. वर चिठ्ठी काय आहे यावरून आत पैठणी आहे की मावळ्यांचे शेले, हे कळत नाही. आतला माल कुठल्या पद्धतीने घडी घातलाय, त्याला कोडेक म्हणायचं. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं की व्हीएलसी ट्रंक उघडून आतलं दाखवतो. मी कुणाचीही तक्रार ऐकली की आधी हेच दाबायला सांगते. नाव बदलून एव्हीआयचं एमपीफोर करणारे महाभागही भेटलेत. त्याने ट्रंकेवरची चिठ्ठी बदलते, शेला पैठणी होत नाही.

(मोबाइलवाल्यांसाठी एक पोटटीप: एमपीफोरमध्येही अशीच यादी असते आणि फोन ती बहुतेक रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो. मधेच बॅटरी गेली की एव्हीआयपेक्षा कठीण अवस्था होते, व्हीएलसीलाही काही उमजत नाही. पण तेव्हाही फाईल डिलीट करू नका. ‘अनट्रंक’ नावाचं साधन त्याच फोनवर काढलेली दुसरी धड फाईल बघून मोडक्या फाईलची मांडणी ओळखतं. माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाची अकरा मिनिटं अशी परत आली.)

नाटक लागलं, आणि मग एकेक दुखणं बाहेर पडायला लागलं.

पहिलं म्हणजे फणी. आमच्या नायिकेची पहिल्या अंकात जोरात एंट्री आहे. ती वळते आणि पदर हवेत जातो. चित्र थांबवून बघितलं तर पदराच्या कडेला आडव्या रेघा, थेट फणीचे दात. उभी असली की काही नाही, हलली की फणी. दादांचा कॅमेरा चांगला होता, टेपही चांगली होती. त्या काळचा कॅमेरा पूर्ण चित्र एका दमात घ्यायचाच नाही. आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्या तशाच पाठोपाठ उमटायच्या, डोळ्याला कळायचं नाही. आताचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, आणि तेवढ्या वेळात पदर दोन बोटं पुढे गेलेला असतो. व्हीएलसीत डी हे बटण याचंच. मेनूतून जायचं तर व्हिडिओ, डीइंटरलेस, आणि मोडमध्ये ‘याडिफ टू एक्स’ निवडायचं. साधं ‘याडिफ’ सेकंदाला २५ चित्रं देतं, टू एक्स ५०. नाचात किंवा मारामारीत फरक लगेच दिसतो. नव्या आवृत्तीत हे आपोआप होणं अपेक्षित आहे. माझ्या लॅपटॉपवर ते कुणीतरी बंद करून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच असणार.

टीव्हीवर लावल्यावर सगळी मंडळी आडवी दिसायला लागली, हे त्यानंतरचं. चौकोनी चित्र लांबट पडद्यावर ताणलं होतं. ए दाबत राहायचं, चार-तीन आलं की थांबायचं. संपलं. ज्या काकूंनी आपण जाड दिसतोय म्हणून तक्रार केली होती त्यांना अजूनही वाटतं मी काहीतरी एडिटिंग केलं.

आता आवाज. इथे मी आठ दिवस घालवले.

आमच्या नाटकाच्या शूटिंगला सुरुवात तिसऱ्या घंटेच्या आधी होते. पडद्यामागे नटराजाची पूजा, मग अण्णा नारळ वाढवतात. दादांनी तेही घेतलं होतं. मी घरी ब्लूटूथ स्पीकर जोडून लावलं, तर अण्णांचा हात दगडावर आपटला, नारळाचं पाणी उडालं, आणि मग टक्. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. हात, पाणी, टक्.

चित्र आणि आवाज जुळतंय का हे संवादांवरून बघायला जाऊ नये. ओठ बघून माणूस फसतो. मनाला जुळवून घ्यायची सवय असते. नारळ फसवत नाही. एका क्षणात होणारी, दिसणारी आणि ऐकू येणारी गोष्ट शोधायची: टाळी, दार आपटणं, चापट. अशा तीन जागा शोधायच्या, सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटी एक. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर दुखणं वेगळं, आणि वाढत जात असेल तर वेगळं. पहिल्याला घसरण म्हणायचं नाही, तो नुसता उशीर. व्हीएलसीत ‘जे’ (J) आणि ‘के’ (K) ही दोन बटणं त्याच्यासाठी आहेत. एका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे किंवा पलीकडे सरकतो. आवाज मागून येत असेल तर जे. आधी येत असेल तर के.

पण दाबायच्या आधी मी वायर लावली. ब्लूटूथ काढून साधा हेडफोन खोचला, आणि नारळ बरोब्बर वेळेवर फुटला. बिनतारी स्पीकरपर्यंत आवाज जायला, उलगडायला वेळ लागतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज. गाणी ऐकताना ते जाणवायचं काही कारण नाही, नारळ फोडताना जाणवतं. फाईलला हात न लावता वाचले. त्या भरात जर मी आवाज सरकवून नवी फाईल करून ठेवली असती तर सभागृहात, वायरच्या स्पीकरवर, नारळ फुटायच्या आधी आवाज आला असता.

पुढचे तुकडे बघत गेले. पहिले चार ठीक. पाचव्याच्या सुरुवातीला नायक टेबलावर पितळी तांब्या आपटतो तेही ठीक. त्याच तुकड्याच्या शेवटी सासरे दार लावून घेतात. दार लागून त्यांनी पाठ फिरवली तरी आवाज यायचाच होता. इथे ब्लूटूथचा संबंध नव्हता. ही खरी घसरण.

तुकडा मधोमध उघडून बघितलं, मग त्याच्या अर्ध्यात, मग त्याच्या अर्ध्यात. लेजरमध्येही असंच करतात, आधी तारखेची मधली बेरीज काढायची. सहाव्या मिनिटाला एक बारीक झटका सापडला: नायिका खिडकीकडे चालत जाते आणि मधलं एक पाऊल गायब. त्याच्या आधी सगळं जुळलेलं, नंतर ‘जे’ अठरा वेळा दाबावं लागलं, म्हणजे ९०० मिलिसेकंद. आपल्याकडच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका चित्राचे ४० मिलिसेकंद. बावीस-तेवीस चित्रं गळली होती. २०१२ मध्ये टेप उतरवताना दादांच्या कॉम्प्युटरला क्षणभर दम लागला असणार, कदाचित मागे अँटिव्हायरस चालू असेल, कदाचित लग्नाचा अल्बम रेंडर होत असेल. चित्रं सुटली पण आवाज वाहतच राहिला. चित्राची लांबी कमी, आवाजाची पूर्ण, म्हणून आवाज मागे. चौदाव्या मिनिटाला आणखी एक झटका होता. तिथून पुढे एकूण एक्केचाळीस दाब.

‘जे’चं बटण तिथे पुरत नाही, कारण ते पूर्ण फाईलला एकच उशीर लावतं. मी तुकडा त्या दोन झटक्यांवर कापला, तिन्ही भागांचा आवाज वेगवेगळा सरकवला, आणि गळलेल्या ठिकाणी आधीचं चित्र तेवढा वेळ धरून ठेवलं. नायिका खिडकीकडे जाताना जवळजवळ एक सेकंद थबकते आता. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, “हे तेव्हा सुचायला हवं होतं. चांगलं दिसतंय.”

जर्मनीहून अण्णांच्या नातीने शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवला होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना तो फार बारीक झाला होता म्हणून मी तो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवला. आला तो फोर के, आणि माझ्या २०१४ च्या लॅपटॉपवर आवाज अखंड पण चित्र दर तीन सेकंदांनी गोठायचं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर चिकटलेला. कंट्रोल-जे दाबलं, कोडेक एच २६५. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, हीच घडी घालतात. जागा निम्मी लागते, पण उलगडायला कष्ट फार. नव्या मशीनमध्ये त्या कामाला वेगळा कारागीर असतो, माझ्या मशीनच्या काळात तो कामावर ठेवलेला नव्हता. हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्टरमध्ये टाकून एच २६४ करून घेतला, फुल एचडीत. चहा होईपर्यंत झालं. भाचा म्हणाला, “मावशी, नवा लॅपटॉप घे की.” तो घेईल तेव्हा घेईल, कार्यक्रम पाच तारखेला होता.

याच्या उलट केसही सांगते, कारण ती गेल्या वर्षी भाच्याच्याच नव्या लॅपटॉपवर झाली: आवाज व्यवस्थित आणि चित्र हिरवंगार. तिथे कारागीर होता पण ग्राफिक्सच्या ड्रायव्हरशी त्याचं पटत नव्हतं. टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट-कोडेक्स, तिथे हार्डवेअर डिकोडिंग ‘डिसेबल’. कारागिराला सुट्टी, काम प्रोसेसरने करायचं. चित्र आलं. नंतर ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा चालू केलं. आणि ज्यांनी मेनूत शिरून इतकं काही बदललंय की आता काय बदललं तेच आठवत नाही, त्यांच्यासाठी त्याच खिडकीत खाली ‘रिसेट’चं बटण आहे. लाज वाटू द्यायची नाही.

प्लेअर काढून टाकून पुन्हा टाकणं हा लोकांचा आवडता उपाय मला मात्र पटत नाही. एक तर त्याने जुनी सेटिंग बऱ्याचदा जागच्या जागी राहते. दुसरं म्हणजे पुन्हा टाकताना कुठून घेताय याची खात्री नसते. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची मूळ वेबसाइट आपल्याकडे अडवलेली होती. तेव्हा गुगलवर जे पहिलं दिसेल तिथून घेतलेले शंकू मी आमच्या ग्रुपमध्ये निदान तीन पाहिलेत. एकाबरोबर तर पत्त्यांचा खेळ आला होता.

सबटायटलचं प्रकरण काकूंमुळे निघालं. काकूंना, म्हणजे अण्णांच्या मिसेसना, आता ऐकू कमी येतं. नाटकाचे संवाद खाली मराठीत यावेत अशी त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणाला न सांगता फक्त मला सांगितली. संहिता आमच्या डीटीपीवाल्या मित्राकडे टाइप केलेली होतीच. मी उत्साहाने वेळा टाकून एसआरटी फाईल केली, लावली, तर खाली इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह यांची खिचडी. टायपिंग जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होतं. तिथे ‘क’ हा ‘क’ नसतोच, एखाद्या इंग्रजी अक्षराला ‘क’चा मुखवटा चढवलेला असतो. छापखान्यात तो फॉन्ट असतो म्हणून मुखवटा दिसतो, इतरत्र खालचा चेहरा. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतलं, जोडाक्षरं हाताने तपासली. नोटपॅडमध्ये साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवायचं. एएनएसआय ठेवलं तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत फिरत नाहीत. मी एक पूर्ण अंक असा घालवला. दुसऱ्यांदा टाकताना रात्रीचे दोन वाजले. चौकोन दिसत असतील तर मात्र काही गेलेलं नसतं: प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलच्या पानावर फॉन्ट मंगल किंवा निर्मला निवडला की अक्षरं येतात. फाईलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवून एकाच फोल्डरमध्ये टाकली की ती आपोआप लागते.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात तालीम. प्रोजेक्टर लावला आणि माझ्या पोटात गोळा आला. काळोख राखाडी दिसत होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी पूर्ण अंधार करते, त्यात फक्त देवघरातली समई, आणि पडद्यावर तो अंधार धुक्यासारखा. इतरांना काही वाटलं नाही. “जुनं शूटिंग आहे गं,” म्हणाले. जुन्या शूटिंगचा काळा मला माहीत आहे; तो माझ्या लॅपटॉपवर काळाच होता.

टीव्हीच्या जगात काळा ० वर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. कॉम्प्युटरच्या जगात ० ते २५५. एचडीएमआयची वायर लावली की लॅपटॉप समोरच्याला टीव्ही समजून १६ पासून पाठवायला लागतो, आणि समोरचा प्रोजेक्टर ० म्हणजे काळा असं धरून बसलेला असतो. मग १६ त्याला राखाडीच दिसणार. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुटची रेंज ‘लिमिटेड’ होती ती ‘फुल’ केली. समईच्या भोवतीचं सगळं एका झटक्यात विझलं. मागून कुणीतरी “अरे!” म्हणालं. एवढ्यासाठी मी दिवे करते.

पाच तारखेला नाटक सव्वादोन तास अखंड चाललं. लॅपटॉपमध्ये फाईल कॉपी करून घेतली होती, बाहेरच्या डिस्कवरून लावायचा धोका घेतला नाही. स्क्रीनसेव्हर, अपडेट, व्हॉट्सअ‍ॅप सगळं बंद. नारळ वेळेवर फुटला. काकू पहिल्या रांगेत खाली बघून हसत होत्या, बाकीच्यांच्या आधी अर्धा सेकंद, कारण मी सबटायटल मुद्दाम थोडी लवकर ठेवली होती.

संपल्यावर सगळे अण्णांच्या पाया पडत होते. मी वायर गुंडाळत होते. अण्णा गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले, खांद्यावर हात ठेवला.

“छान झालं. पण तिसऱ्या प्रवेशात तू स्पॉट उशिरा दिलायस.”

“अण्णा, वीस वर्षं झाली.”

“तेव्हाही सांगितलं होतं मी.”

घरी आल्यावर फाईल उघडली. नायिका जागेवर येऊन उभी राहते तिथे थांबवलं आणि ई दाबत गेले. ई दाबलं की एकेक चित्र पुढे सरकतं. स्पॉट उजळेपर्यंत पस्तीस. म्हणजे एक पूर्णांक चार सेकंद.